न लागलेला दिवा

१

शेडचं शटर वर सरकलं, तसा आतून धुराचा भपकारा आला आणि समोर उभे असलेले लोक खोकत मागे हटले. आत ट्रॅक्टर चालूच होता. त्याच्या काचेच्या केबिनमध्ये ड्रायव्हर भागवत मान छातीवर टाकून बसला होता. एका जणाने तोंडाला टॉवेल बांधून आत धाव घेतली, चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि भागवतला खांद्याला धरून हलवलं. भागवत एका अंगाला कलंडला. मेलेल्या माणसाचा वाटतच नव्हता त्याचा चेहरा. गाल लालबुंद होते, जणू आत्ताच उन्हातून चालत आला असावा.

तो उदगीरच्या बाजाराचा दिवस होता. अर्धं गाव बाजाराला गेलेलं. शेडचा मालक चंद्रप्पा बायको आणि मुलाला घेऊन दुपारीच जीपने गेला होता. दिवस मावळायच्या आत ते परतले, तेव्हा बंद शेडमधून इंजिनाचा आवाज येत होता.

चंद्रप्पा तिथंच चिखलात मटकन बसला.

"सकाळी फिल्टरचा दिवा लागला होता," जो येईल त्याला तो सांगत राहिला. "मी सोता डोळ्यानं बघितलो. भागवत म्हणला, आप्पा, आज सफाई चालवावी लागती. मी म्हणलो, पाऊस थांबू दे, भाईर घेऊन कर. भिजायला नको म्हणून आत केलाय बघा त्यो. न्हाई ऐकला माझं."

सफाई म्हणजे काय हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. नव्या मोठ्या ट्रॅक्टरांच्या धुराड्याला काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो तुंबला की समोर नारंगी दिवा लागतो. मग गाडी एका जागी उभी करून बटण दाबायचं. इंजिन आपोआप जोरात फिरतं आणि साठलेली काजळी जाळून टाकतं. डॉक्टरांनी सांगितलं, विषारी वायूने मरण आलं. सफाईनं माणूस खाल्ला, असं गाव म्हणू लागलं. ठाण्याच्या सहायक निरीक्षक उज्वला केंद्रे यांनी अपघाताची नोंद केली. मशीनमध्ये दोष होता की नव्हता, एवढाच कंपनीचा अहवाल यायचा राहिला होता.

त्यासाठी नांदेडहून सालेहा आली.

२

सालेहा अत्तार ट्रॅक्टर कंपनीच्या नांदेडच्या विक्री केंद्रात बिघाड शोधायचं काम करायची. हाच ट्रॅक्टर या गावात पोचवायलाही तीच आली होती. भागवतला शेजारी बसवून तिने एकेक बटण समजावलं होतं. "सफाई कुठं करायची?" असं तिने विचारलं की तो शाळेतल्या पोरासारखं हसून म्हणायचा, "मोकळ्यावर. बंद जागी कधीच न्हाई."

वाटेतलं लोहा गाव मागे पडलं तेव्हा मॅनेजरचा फोन आला. "मशीन ठीक आहे, ड्रायव्हरची चूक, एवढं लिहून दे आणि संध्याकाळपर्यंत परत ये."

तिने फोन ठेवला. ड्रायव्हरची चूक म्हणजे त्याला शिकवणारीचीही चूक, हे मॅनेजरने बोलून दाखवलं नव्हतं. पण ती वाटभर तेच घोकत राहिली.

शेडमध्ये केंद्रे मॅडम वाट बघत होत्या. बदली होऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. बोलणं तुटक, पण माणूस सरळ वाटला.

सालेहाने लॅपटॉपची वायर ट्रॅक्टरला जोडली. पडद्यावर आकडे उमटले आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"काय दोष आहे?" केंद्रेंनी विचारलं.

"काहीच नाही."

"मग बरंच झालं की."

"नाही मॅडम. फिल्टरमधली काजळी शून्य दाखवतंय. सफाई अर्धवट राहिली असली तरी थोडी काजळी असणारच. पूर्ण झाली असली तरी असते. शेतात राबणाऱ्या गाडीची काजळी शून्य? धुतलेल्या ताटासारखी कोरी?"

ती बॉनेटवर चढली. पर्समधून पांढरा रुमाल काढून तिने तो बोटाला गुंडाळला आणि उभ्या धुराड्याच्या तोंडातून आत फिरवला. फिल्टर धड असलेल्या गाडीचं धुराडं आतून स्वच्छ असतं. तिच्या शिकवण्यातला तो आवडता खेळ होता. शेतकऱ्यांसमोर पांढरा रुमाल फिरवायचा आणि पांढराच बाहेर काढून दाखवायचा.

या वेळी रुमाल कोळशासारखा काळा निघाला.

३

फिल्टरचा डबा खाली उतरवायला वेळ लागणार होता. कामगार नटबोल्ट सोडवत होते, तेवढ्यात सालेहा शेडमागच्या खोलीत भागवतच्या बायकोला भेटायला गेली.

तारामती भिंतीला टेकून बसली होती. भेटायला आलेल्या बायका उठून बाहेर गेल्या.

"लोक म्हणून राहिले, दारू पिऊन झोपला असंल," तारामती म्हणाली. "म्याडम, त्येनी कधीच सोडली होती. मी लेकराची आण घेऊन सांगते."

"मला खरं वाटतंय ताई. सफाई ते कुठं करायचे?"

"तिकडं खळ्यावर. आमची लेकरं जवळ गेली की वरडायचे. लई गरम होती म्हणायचे गाडी. आवाज तर असा, की हितं मांडणीवरची भांडी थरथरायची." ती थांबली. "पर पोळ्यापासून तो आवाज ऐकलाच न्हाई मी."

"त्या दिवशी ऐकला?"

"मी निंदायला गेले होते म्याडम. घरी असते तर…" तिने पदर तोंडात धरला. मग कोपऱ्यातल्या कापडी गाठोड्याकडे बोट दाखवलं. "पोलिसांनी केबिनमधून आणून दिलं. सकाळी बांधून दिलेल्या भाकरी. जशाच्या तशा. दुपार झाली की पैली भाकर, मग दुसरं काम, असा माणूस. त्या दिवशी गाठ सोडली न्हाई."

सालेहाने गाठोडं हातात घेतलं. गाठ खरंच एकदाही सुटलेली नव्हती.

बाहेरून हाक आली. डबा उतरला होता. बुडाच्या बाजूने, सहज दिसणार नाही असा, वेल्डिंगचा जोड फिरला होता आणि त्यावर चंदेरी रंग मारलेला होता. जोड कापला. आत फिल्टर नव्हताच. नुसती पोकळ नळी.

केंद्रेंनी खाली वाकून पाहिलं. "असलं काम करणारा उदगिरात एकच हाय," एक कामगार म्हणाला. "करीम."

संध्याकाळपर्यंत करीम मिस्त्री ठाण्यात होता.

४

"फिल्टर काढला, म्हणून विषारी धूर शेडमध्ये कोंडला. माणूस मेला तो तुझ्यामुळं," केंद्रे करीमला म्हणाल्या.

"म्याडम, काढला मी. झूट नाही बोलत. पोळ्याच्या आसपासची गोष्ट. शिवम आला होता, चंद्रप्पा आप्पांचा मुलगा. ऐन नांगरटीत गाडी दम सोडते, सफाईसाठी थांबावं लागतं, बाजूचे हसतात म्हणाला. भागवतच गाडी घेऊन आला. बिदरच्या एकानं लॅपटॉप लावून दिवा बंद करून दिला. शिवम म्हणला, आप्पांना कळू देऊ नका, नवी गाडी फोडली म्हणून मारतील. पण माणूस मारायचं काम मी नाही केलं. भागवत माझ्याकडे चहा पिऊन जायचा."

ठाण्याच्या दारात करीमची बायको उभी होती. सालेहा बाहेर येताच ती म्हणाली, "बाजी, तुम्हीच दाखवून दिलं ना? आता तुम्हीच सांगा, हा किती वर्षं आत जाणार?"

सालेहा तशीच परत आत वळली.

"मॅडम, फिल्टर काजळी अडवतो. भागवत ज्यानं मेला तो वायू दिसत नाही, त्याला वास नाही. बंद शेडमध्ये कोणतंही इंजिन दुपारभर चालू ठेवा, फिल्टर असो नसो, माणूस मरतो. करीमनं गुन्हा केलाय, पण हा नाही."

"मग अपघात. सफाई बंद शेडमध्ये केली."

"कसली सफाई? साफ करायला फिल्टरच नव्हता. आणि हे भागवतला ठाऊक होतं, तोच गाडी घेऊन गेला होता. मग तो इंजिन चालू करून आत बसेल कशाला?"

ओसरीवर शिपाई कुणाशी तरी वाद घालत होता, त्याचा आवाज आत येत होता.

"आणखी एक," सालेहा हळूच म्हणाली. "तो दिवा पोळ्यापासून लागूच शकत नव्हता. मग त्या सकाळी दिवा लागलेला पाहिला असं सांगितलं कुणी?"

केंद्रेंनी जबाबांचे कागद पुढे ओढले आणि पुन्हा ठेवून दिले. वाचायची गरज नव्हती. साऱ्या गावाने दिव्याची गोष्ट ऐकली होती ती एकाच तोंडातून.

त्याच वेळी शिपाई दारात आला. "म्याडम, त्या दुपारी शेडपाशी एक जण दिसला होता, त्यो सोताच आलाय. धम्मानंद."

५

धम्मानंद उदगिरात मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवायचा. त्याची आई गुणाबाई मागच्या वर्षी पेरणीच्या दिवसांत चंद्रप्पाच्या रानात मेली होती. रोटाव्हेटरमागे दगड वेचत होती. ट्रॅक्टर मागे आला आणि ती पात्यांत सापडली. भागवतने पोलिसांना सांगितलं होतं, गाडी मी चालवत होतो, बाई पाय घसरून पडली. केस कोर्टात चालू होती.

"भागवतवर राग होता तुझा," केंद्रे म्हणाल्या. "चारचौघांत त्याची गचांडी धरली होतीस."

"हाव, धरली होती." धम्मानंद खुर्चीत ताठ बसला. "पण गेल्या महिन्यात त्योच माझ्या दुकानात आला. उभ्या उभ्या रडला. म्हणला, त्या दिवशी ट्रॅक्टरवर मी नव्हतो, शिवम होता. मोबाईल बघत रिव्हर्स घेतला. मालकाचं मीठ खाल्लंय म्हणून मी अंगावर घेतलं, पण तुझी आय रोज डोळ्यापुढं येती. दिवाळीनंतरच्या तारखेला जज्जापुढं खरं सांगतो म्हणला."

"हे मालकाला ठाऊक होतं?"

"त्यानंच सांगितलं आप्पाला. आधी तुमच्या कानावर घालतो म्हणला. असा भोळा."

सालेहाने विचारलं, "त्या दुपारी शेडपाशी कशाला गेला होतात?"

"वकिलानं त्याला बोलावलं होतं, ते सांगायला. शटर खाली होतं. आत गाडी चालू होती, बारीक, नुसती गुरगुर. मी थापा मारलो, हाका मारलो. वाटलं, घाबरला आन् मला टाळतोय." त्याचा आवाज खाली गेला. "मी शिवी देऊन निघून गेलो ताई. शटर वर केलो असतो तर त्यो जगला असता का?"

सालेहाला तारामतीचं बोलणं आठवलं.

सफाईत इंजिन गरजतं. भांडी थरथरतात. त्या दुपारी ते नुसतं गुरगुरत होतं. म्हणजे कुणीतरी चावी फिरवली होती आणि शटर ओढून बाजाराची वाट धरली होती. चंद्रप्पाला फिल्टर काढल्याचं ठाऊक नव्हतं. इंजिन बंद शेडमध्ये का चालू होतं, याला कारण हवं होतं, आणि सफाईचं कारण त्याला आयतं सापडलं.

"पण जागा माणूस आत बसून मरत नाही," केंद्रे म्हणाल्या. "आधी झोपवला असणार."

"भाकरीची गाठ सोडलेली नव्हती," सालेहा म्हणाली. "तो दुसरं काहीतरी जेवला होता."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रप्पाने दोघींना घराच्या ओसरीवर खुर्च्या दिल्या. शिवम खांबाला टेकून उभा होता. पोरगा देखणा, पण डोळ्यांखाली काळं झालेलं. आई आतल्या दारात.

"भागवतच्या लेकरांचं शिक्षण मी बघणार हाय," चंद्रप्पा म्हणाला. "घरातलाच माणूस होता की हो."

"आप्पा, तो दिवा कुठल्या रंगाचा होता?" सालेहाने विचारलं.

"नारंगी. उजव्या अंगाला लागतो."

"त्या सकाळी लागलेला तुम्ही पाहिलात?"

"सांगितलो की. सोता डोळ्यानं बघितलो."

सालेहाने मान वळवली. "शिवम, तुम्ही पाहिलात?"

शिवमने जमिनीकडे पाहिलं. चंद्रप्पा चिडला. "त्याला काय विचारता? त्यो झोपला होता."

"त्यांना ठाऊक आहे म्हणून विचारते. त्या गाडीत पोळ्यापासून फिल्टर नाही, आप्पा. दिवासुद्धा तोडलेला आहे. तो लागूच शकत नाही."

"कोण म्हणतं?" चंद्रप्पा खुर्चीतून अर्धवट उठला. "नवीकोरी गाडी हाय माझी. कोण हात लावंल तिला?"

"मी काढायला लावलो," शिवम म्हणाला.

चंद्रप्पा मुलाकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावर राग नव्हता. पायाखालची फळी सरकल्यावर माणूस दिसतो तसा तो दिसत होता.

"शेडच्या दारात तुम्ही दिव्याचं सांगायला लागलात, तेव्हाच मला कळालं," शिवम बोलत होता, सावकाश, जणू एकेक शब्द उचलून ठेवत होता. "घरी आलो, झोपलो न्हाई. मनाला म्हणलो, आप्पाला चुकून वाटलं असंल. पर तुम्ही परत सांगितलात. परत परत. त्या दुपारी आई म्हणली, भागवतचं ताट मी नेते, तर तुम्ही नेऊ दिला न्हाईत. मालकानं ड्रायवरला ताट नेलेलं मी जलमात बघितलं नव्हतं. दहीभात होता. तुमच्या झोपंच्या गोळ्या संपल्यात आप्पा. मी डबी बघितलो."

शिवमची आई आतल्या दारातून बाहेर ओसरीवर आली.

"गप बस," चंद्रप्पा पुटपुटला. "कुणासाठी केलो मी? तुला आत टाकले असते रे. तुझं लगीन, तुझं सगळं… गुणाबाई मेल्यापासून मला झोप न्हाई. त्या गोळ्या त्यासाठीच होत्या."

"मी सांगितलो होतो का तुम्हाला?"

मग शिवम केंद्रेंकडे वळला. "म्याडम, लिहून घ्या. गुणाबाई मेली तेव्हा गाडी मी चालवत होतो. हातात मोबाईल होता. ती वरडली, मला ऐकू आलं न्हाई, कानात गाणं होतं."

चंद्रप्पाने झेप घेऊन मुलाच्या तोंडावर हात दाबला. बापाचा तो हात शिवमने धरला, खाली केला आणि बोलत राहिला.

प्रयोगशाळेचा अहवाल यायला दिवाळी उलटली. भागवतच्या पोटात झोपेचं औषध सापडलं. करीमवरचा मृत्यूचा आरोप निघाला. पण त्याच्या गॅरेजला लागलेलं सील निघालं नाही आणि गिऱ्हाईकं दुसरीकडे गेली. कोर्टात शिवमने तोच जबाब दिला. धम्मानंद मागच्या बाकावर बसून ऐकत होता. बाहेर आल्यावर लोक त्याला म्हणाले, संशयातनं सुटलास बाबा. तो म्हणाला, "आय गेली, भागवतबी गेला. कशातनं सुटलो?"

सालेहाने अहवाल दिला: मशीन निर्दोष, ड्रायव्हरही निर्दोष. मॅनेजरला दुसरं वाक्य नको होतं. तिने ते ठेवलं, आणि त्याची एक प्रत घेऊन ती स्वतः तारामतीकडे गेली.

तारामतीने ती खोली सोडली होती. भावाच्या घरी, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत होती. कागदावरचं तिने सालेहाकडून वाचून घेतलं, पुन्हा एकदा वाचायला लावलं आणि घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं.

"म्याडम, मरताना त्येला कळालं असंल का?"

"नाही ताई. झोपेत गेले."

तारामतीने मान हलवली. अंगणातल्या कोंबड्यांना तिने मूठभर दाणे टाकले.

"त्येला वाटलं असंल, मालक आपल्यावर खूश हाय," ती म्हणाली. "खरं सांगणार म्हणलं तरी रागावला न्हाई, उलट सोता ताट घेऊन आला. लई आनंदानं जेवला असंल बघा त्यो."